मला काय धाड भरलीय?

मे महिन्यातल्या एका सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, दवाखान्यातनं उठून चालते झाले, ते अजून माझ्या डोक्यातनं जात नाही. भांडण नाही, चढा आवाज नाही, काही नाही. फ्लूची लस घ्यायला गेलो होतो. काउंटरवरची पोरगी फॉर्म भरत होती, नाव झालं, वय झालं, एकोणऐंशी, मग मान वर न करताच तिनं विचारलं, "आजोबा, काही जुना आजार?" अण्णा म्हणाले, "न्हाय." आणि हे म्हणताना त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात निळा पंप, दम्याचा, पेन आणि चष्म्याच्या घराच्या मधनं त्याचं टोक वर आलेलं. पोरीनं मान वर केली, तिला पंप दिसला, मला तर दिसतच होता, आणि अण्णा भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या फोटोकडं बघत बसलेले. मी म्हणाले, "अण्णा, दमा आहे की. सांगा ना त्यांना." एवढंच. बाकड्यावर सात-आठ माणसं होती, त्यात एकजण मार्केट यार्डातला, अण्णांना अजून 'दिवाणजी' म्हणून हाक मारणारा. अण्णांनी माझ्याकडं एकदा बघितलं, "मला काय धाड भरलीय?" असं पुटपुटल्यासारखं म्हणाले, दारात चपला सारल्या पायात आणि बाहेर जाऊन गाडीजवळ उन्हात उभे राहिले.

येताना विश्रामबागला गाडी थांबवून भडंग घ्यायला लावलं. घरी आल्यावर त्यातला एक दाणा खाल्ला नाही.

आता एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय, असं कुणी म्हणेल, पण मी दोन वर्षांपूर्वीची आषाढी बघितलीय. अण्णा माळकरी. पूर्वी दिंडीबरोबर चालत जायचे, आता एसटीनं जातात, रांगेत उभं राहवत नाही म्हणून कळसाला हात जोडतात, चंद्रभागेत पाय भिजवतात आणि माघारी येतात. त्या वर्षी येतानाच घसा धरलेला. "पडसं हाय, जाईल." मग हळद-दूध झालं, वाफ झाली, ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून छातीला लावून झाली. चौथ्या रात्री दोनला मला जाग आली ती कसल्यातरी शिट्टीनं, म्हटलं कुकर कुणी लावला या वेळेला, उठून बघते तर अण्णा पलंगाच्या काठावर बसलेत, दोन्ही हात गुडघ्यावर रोवलेले, खांदे कानाला भिडतायत आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जातोय. बोलायला दम पुरत नव्हता, नुसती बोटानं तांब्याकडं खूण केली. मिरजेला नेलं. अकरा दिवस, त्यातले पाच ऑक्सिजनवर. रिपोर्टमध्ये काय निघालं तर फ्लू. एच वन एन वन. म्हणजे २००९ साली ज्याला आपण स्वाइन फ्लू म्हणत होतो तोच, पुण्यात त्या ऑगस्टमध्ये देशातला त्याचा पहिला बळी गेला आणि इकडं सांगलीत लोक कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या हुंगत फिरायला लागले. मला वाटायचं तो गेला कधीच. कुठला जातोय, नेहमीच्या फ्लूमध्येच मुरला तो, पावसाबरोबर येतो, थंडी संपता संपता पुन्हा एकदा डोकावतो, आपण त्याला 'व्हायरल' म्हणून सोडून देतो.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, फुप्फुसं आधीच थकलेली आहेत, आता दरवर्षी पावसाळ्याच्या आधी लस घ्यायची. पहिल्या वर्षी राहूनच गेलं. राहून गेलं म्हणजे मीच ढकललं, शाळेच्या परीक्षा, मग सुट्टी, मग लग्नं. यंदा एप्रिलपासनं मागं लागले तेव्हा कुठं मे उजाडला, आणि मे महिन्यात हे असं.

त्या कागदावर इंग्रजीत 'हाय रिस्क' लिहिलेलं होतं. कुणाकुणाला म्हणतात ते मी मग वाचून काढलं, म्हणजे साठी-पासष्टीच्या पुढचे, दमा किंवा सीओपीडी म्हणजे फुप्फुसाचा जुनाट आजार असलेले, शुगरवाले, हृदयाचे, किडनीचे, गरोदर बायका, अगदी लहान बाळं. वाचता वाचता हसू आलं कारण ही तर आमची गल्लीच, घर नंबर टाकून वाचावी अशी. पण गल्लीत जाऊन विचारा, एकजण स्वतःला त्यात धरत नाही. पलीकडच्या काकूंनी जन्मात बिडी-सिगारेटला हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढं काढली, तुराट्या आणि शेणी फुंकून फुंकून त्यांची फुप्फुसं बिडीवाल्यासारखी झालीयत. त्यांना विचारलं तर म्हणतात, "त्यो खोकला न्हवं गं, सवय हाय." समोरचे पाटीलकाका, बायपास झालेले, ते म्हणतात मला कशाला काय होतंय, माझं तर आत्ताच नवीन काम केलंय. त्यांना मी एकदा सांगून बघितलं की कॅनडातल्या डॉक्टरांनी २०१८ ला एक अभ्यास छापलाय, फ्लू झाल्याचं तपासून नक्की झालं की पुढच्या सात दिवसांत हार्ट अटॅकची शक्यता एरवीपेक्षा सुमारे सहापट होते, म्हणजे फ्लू नुसता छातीत बसत नाही. काका म्हणाले, कॅनडात थंडी लई असते.

मला वाटतं वीस वर्षं आजार अंगावर वागवला की तो आजार राहतच नाही. पेन असतं खिशात तसा पंप असतो. सकाळी दोनदा ओढायचा, संध्याकाळी दोनदा, घरातनं निघताना चाचपायचा. मग अचानक कुणी काउंटरवरनं विचारतं, काही आजार? माणूस खरंच 'न्हाय' म्हणतो, खोटं बोलत नसतो.

अण्णांनी छत्तीस वर्षं हळदीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून काढली. लहानपणी मी सुट्टीत डबा घेऊन जायचे तेव्हाचं यार्ड डोळ्यांपुढं आहे, सौदे चाललेले, पोत्यांच्या थप्प्या, लोखंडी नळी पोत्यात खुपसून काढलेली मूठभर हळकुंडं, एक मोडून आतला रंग बघायचा, आणि सगळ्या उजेडात तरंगणारी पिवळी धूळ. उन्हाच्या तिरपीत ती सोन्यासारखी दिसायची, खरंच. अण्णांच्या धोतराच्या निऱ्या पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या, खाकरून थुंकले तर तेही पिवळं. आई म्हणायची, यांचं रोज हळदी असतंय. दमा त्या धुळीनंच झाला असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत, अण्णा तर अजिबात मानत नाहीत, हळदीनं कधी कुणाचं वाईट झालंय का, असं त्यांचं म्हणणं, आणि हळदीवर मुलांची शिक्षणं झालेल्या माणसाशी यावर काय वाद घालायचा.

तेच अण्णा हरिपूरच्या पेवांची गोष्ट सांगतात तेव्हा वेगळेच असतात. जमिनीखाली हळद साठवायची ती पेवं, आता बरीचशी पुरात गेली. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, तोंड मोकळं सोडून थांबायचं, आतली हवा जाऊ द्यायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. कितीही गडी तगडा असू दे, कितीही घाई असू दे, व्यापारी वर उभा राहून बोंबलू दे. "त्यात मर्दुमकी न्हाय," असं अण्णा सांगतात. हे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलंय आणि त्या दिवशी दवाखान्यात मला ते आठवायला हवं होतं, त्याऐवजी मी चारचौघांत त्यांच्या खिशाकडं बोट दाखवलं.

बरं, लशीला घाबरणारा माणूस आहे का, तर तसंही नाही. डाव्या दंडावर देवीच्या लशीचे दोन वण आहेत, रुपयाएवढे, चुरगळून उलगडलेल्या कागदासारखी कातडी. लहानपणी मी त्यावर बोट फिरवत झोपायचे. देवी काढणारा गावात आला की पोरं जोंधळ्यात पळायची, कारण तो काटेरी चक्री दंडावर दाबून गरकन फिरवायचा, मग फोड, मग ताप, मग खपली. अण्णापण पळालेले. आज्जीनं जोंधळ्यातनं हुडकून बखोटीला धरून आणलं. आज्जीचं तोंड देवीच्या वणांनी भरलेलं होतं आणि तिची पाठची बहीण देवीनंच गेलेली, तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९७५ नंतर देशात देवीचा पेशंट सापडला नाही, १९८० मध्ये जगातनंच गेली म्हणून जाहीर झालं. माझ्या दंडावर तो वण आहे, माझ्या पोराच्या दंडावर नाही, आणि देवी म्हणजे काय हे त्याला फोटो दाखवून सांगावं लागतं.

करोनात तर विचारूच नका. १ मार्च २०२१ ला साठीवरच्यांचं सुरू झालं आणि त्याच आठवड्यात अण्णा सकाळी सहाला जाऊन रांगेत बसले, डबा घेऊन, टोकन घेऊन. आजूबाजूला सगळे यार्डातले, तालमीतले, भजनातले. टोचून घेऊन आले ते लग्नाला जाऊन आल्यासारखे, कोण कोण भेटलं ते सांगत. त्या वेळी गंमत अशी होती की साठीवरच्यांना आजार कुणी विचारतच नव्हतं, वय बास होतं. ४५ ते ५९ वाल्यांना मात्र आजाराचा दाखला लागायचा, तर माझा मावसभाऊ महिनाभर डॉक्टरकडं खेटे घालत होता, काहीतरी लिहून द्या की हो, बीपी थोडं वाढवून द्या. आणि १ एप्रिलपासनं ती अटच गेली तेव्हा बिचाऱ्याची मेहनत वाया. आम्ही किती हसलो. म्हणजे आजारी म्हणवून घ्यायला माणूस तयार असतो, रांग असली तर. एकट्याला बाजूला काढून विचारलं की अवघड होतं.

त्या दिवसानंतर घरात लशीचा विषय मी काढला नाही पण अण्णांनीच काढला, वेगवेगळ्या दारांनी. पहिल्यांदा पैसे. "दीड-दोन हजार? यात दुधाचं बिल जातंय गं." मग, "देवीची एकदा काढली, बास झालं. ही दरवर्साला का?" मी सांगितलं, अण्णा हा फ्लू बहुरूप्यासारखा आहे, दरवर्षी सोंग बदलून येतो. जागतिक आरोग्य संघटनेची माणसं वर्षातनं दोनदा बसतात, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, जगभरात कुठलं सोंग फिरतंय ते बघतात आणि पुढच्या लशीत काय घालायचं ते सांगतात. आपण नकाशावर वरच्या अर्ध्या गोलात, पण आपला फ्लू पावसाबरोबर, म्हणून पावसाळ्याआधी बऱ्याचदा दक्षिण गोलार्धासाठीची लस टोचतात. शिवाय लशीनं अंगात आलेली ताकदही काही महिन्यांत उतरते. फ्लूची एक जात, बी यामागाटा नावाची, मार्च २०२० नंतर कुठं सापडलीच नाही म्हणून चार जातींच्या लशी आता परत तीनवर येतायत. हे अण्णांना भारी आवडलं. "म्हंजे एक सोंग घरीच बसलं म्हण की."

मग मुद्दा आला अंड्याचा. कुणीतरी भजनात सांगितलं, ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. खोटं कसं सांगू, बऱ्याच लशी वाढवतातच. म्हटलं हो, पण नंतर शुद्ध करतात, राहिला तर नावापुरता अंश राहतो. अण्णा गप्प. गळ्यातल्या माळेशी बोटं चाळवत बसले. दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले, फडावरच्या महाराजांना विचारलं, ते म्हणाले औषधाला दोष न्हाय, आणि त्यांनी स्वतः गेल्या साली घेतलीय. मी म्हटलं मग काय हरकत? तर म्हणाले, "लस घेऊनबी ताप येतोच म्हणत्यात." ह्याला मात्र माझ्याकडं चकचकीत उत्तर नव्हतं कारण ते खरंच आहे. चांगल्या वर्षी ही लस ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास काम करते, म्हाताऱ्या माणसांत बऱ्याचदा त्याहून कमी. लशीनं फ्लू होत नाही, मेलेल्या विषाणूची असते ती, दंड दुखतो, एखादा दिवस कणकण, एवढंच. पण लस घेऊनही फ्लू गाठू शकतो. फक्त गाठलं तर मिरजेचे अकरा दिवस, तो ऑक्सिजन, ते टळायची शक्यता बरीच वाढते. न्यूमोकॉकलची म्हणून न्यूमोनियाची लस वेगळी असते, ती दरवर्षी लागत नाही, लहान पोरांना सरकारी लसीकरणात मिळते आणि म्हाताऱ्यांनी आपापलं बघायचं. तीपण डॉक्टरांनी सुचवली होती. तिचं नाव मी काढलंच नाही, एका वेळी एकच म्हैस दारात बांधावी.

एक गोष्ट मी सांगायची टाळली.

त्या दिवशी अण्णा बाहेर गेल्यावर मी पर्स आवरत होते तेव्हा त्या पोरीनं मला सहज विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही घेणार का? शुगर-बीपी काही?" आणि मी म्हणाले, "छे, मला काही नाही." पटकन. विचार न करता. मला चार वर्षं झाली शुगर आहे. सकाळी एक गोळी, रात्री एक. हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर उमगलं आणि मी उठून बसले. अण्णा 'न्हाय' म्हणाल्यावर पाच मिनिटांच्या आत मी 'नाही' म्हणाले होते, त्याच काउंटरला, त्याच पोरीला. तिनं काय म्हटलं असेल मनात, खानदानच नमुना आहे.

माझं लपवण्याचं कारण वेगळं आहे, असं मी मला सांगत होते. आई शुगरनं गेली. शेवटी शेवटी पायाच्या जखमेपायी रोज ड्रेसिंग, अण्णाच करायचे, कापसाच्या बोळ्यानं, जीव दुखेल इतक्या हळू. ते घरात परत नको म्हणून माझ्या गोळ्या मी चहा-साखरेच्या वरच्या फळीवर, पोह्यांच्या डब्यामागं ठेवते. अण्णांच्या ताटात वाढलेला गोडाचा शिरा मी चमचाभर घेऊन 'पोट भरलं' म्हणते. चार वर्षं. म्हणजे पंप निदान खिशात तरी दिसतो.

जूनमध्ये वळीव येऊन गेला, शाळा सुरू झाली, वर्गातली पोरं शिंकायला लागली. आषाढीला तीन आठवडे होते आणि मी उलटी मोजणी करत होते, लस अंगी लागायला दोन आठवडे जातात, म्हणजे आता उरला आठवडा. एका शनिवारी अण्णांना म्हटलं, गाडीवर मागं बसा, दवाखान्यात माझं काम आहे, येताना मंडई करू. तुमचं नाही, माझं. ते आले, बाकड्यावर बसले, पेपर उघडला. तीच पोरगी. नाव, वय, बावन्न. "मॅडम, काही आजार?" आणि खरं सांगते, तोंड उघडेना. मागं सात-आठ माणसं. कोण ऐकतंय, काय ऐकतंय. हे एवढं साधं नसतं, हे मला त्या काउंटरला कोपर टेकवून उभं राहिल्यावर कळलं.

"शुगर."

"किती वर्षं?"

"चार."

मागं पेपर वाजायचा थांबला.

सुई टोचून घेतली, पंधरा-वीस मिनिटं बसवलं, अण्णांच्या शेजारीच. त्यांनी काही विचारलं नाही. पेपरचं तेच पान उघडं होतं, पानभर खताची जाहिरात. बाहेर आल्यावर गाडीवर बसता बसता म्हणाले, "चार वर्सं?" मी हं म्हणाले. मंडईत एरवी ते वांगी सोडून कशाला हात लावत नाहीत, त्या दिवशी स्वतः वाकून, एकेक दाबून, अर्धा किलो कारली घेतली. बाईशी भाव पण केला नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी मी डबा भरत होते तर अण्णा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यापाशी उभे. "त्या पोरीकडं जायचंय न्हवं?" मी शाळेत फोन करून पहिला तास बदलून घेतला. पाऊस बारीक होता, अण्णांनी मागनं माझ्या डोक्यावर छत्री धरलेली, गाडी चालवताना नुसती वाऱ्याला उलटत होती पण मी काही बोलले नाही.

पोरीनं खणातनं मेचाच फॉर्म काढला. नाव होतं, वय होतं, पुढचा रकाना रिकामा. पेन धरून ती थांबली, अण्णांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी या वेळी भिंतीवरच्या बाळाकडं बघत बसले.

"दमा," अण्णा म्हणाले. तिनं लिहिलं. अण्णांनी चष्मा काढून लावला, काउंटरवर वाकून काय लिहिलंय ते वाचलं, आणि बोटानं त्या शब्दाच्या आधीची मोकळी जागा दाखवली.

"थोडा लिही की गं."